गोळ्यातली खोट

देशाच्या वतीने परक्या भूमीवर खेळायला उभं राहण्याचं भाग्य कोट्यवधींतून एखाद्याच्याच वाट्याला येतं. माझ्या वाट्याला ते आलं. त्या कोट्यवधींपैकी हा खेळ ठाऊक असलेली सगळी माणसं त्या वेळी एकत्र जमवली असती, तर चिंचवड स्टेशनाबाहेरच्या टांग्यांत ती सहज मावली असती आणि निम्म्यांना टांग्यात चढताना कुणीतरी हात द्यावा लागला असता, हा तपशील मी सहसा सांगत नाही.

खेळाचं नाव लॉन बोल्स. अगदी सपाट, बारीक कातरलेल्या हिरवळीवर एक लहान पांढरा चेंडू ठेवतात. त्याला जॅक म्हणतात. आपल्याजवळचे चार लाकडी गोळे जमिनीवरून घरंगळत सोडायचे आणि जॅकच्या जितके जवळ जातील तितके न्यायचे. मेख अशी की हे गोळे पुरते गोल नसतात. एक बाजू मुद्दाम किंचित उतरती ठेवलेली असते. त्यामुळे गोळा सरळ जात नाही. आधी भलतीकडेच निघतो, आणि वेग मंदावला की एका कुशीला झुकत, वळत परत येतो. या झुकण्याला इंग्रजीत बायस म्हणतात. आमच्या कारखान्यात त्याला खोट म्हणत.

पन्नास सालानंतर पिंपरी-चिंचवडच्या रस्त्याकडेला एकेक कारखाना उभा राहू लागला होता. त्यांतल्या इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर्सचा कारकून होतो. मला खरं तर कॉलेजात शिकवायचं होतं. वडील गेले, परीक्षा राहिली, आणि मी नटबोल्ट मोजायला लागलो. पुस्तकं वाचायची सवय तेवढी सुटली नाही. तिचा उपयोग एवढाच झाला की आपलं काय चुकलं हे नेमक्या शब्दांत सांगता येऊ लागलं.

पहिले मॅनेजर स्कॉटलंडचे. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणत असू. त्यांनी कारखान्याच्या मागे या खेळासाठी हिरवळ करून घेतली. अधिकारी मंडळींना टेनिस हवं होतं, कारण ते फोटोत चांगलं दिसतं. साहेबांना खेळायला जोडीदार मिळेना. एकदा ते स्टोअर्समध्ये आले, तेव्हा मी काउंटरवर बेअरिंगची गोळी घरंगळवत बसलो होतो. काउंटर एका बाजूला कललेला होता, आणि गोळी कुठून सोडली की बरोबर शाईच्या दौतीपाशी थांबते हे मला पाठ झालं होतं. साहेबांनी तीनदा करून बघायला लावलं. आता नोकरी गेली असं मी धरून चाललो होतो. ते म्हणाले, उद्यापासून पाच वाजता मागे ये.

ती जमीन ज्यांची होती तेच गृहस्थ आता तिचे माळी होते. जमीन कारखान्यात गेली आणि घरटी एकाला नोकरी मिळाली, ती त्यांनी घेतली. मी त्यांना बाबा म्हणत असे. हिरवळीवर रूळ फिरवायला त्यांचाच बैल होता. खुरांनी गवतात खड्डे पडू नयेत म्हणून साहेबांनी पुण्याच्या लष्कर भागातून बैलासाठी चार कातडी जोडे करून आणले होते. बाबा स्वतः अनवाणी.

"हितं शाळू व्हायचा, भाऊसाहेब," ते पहिल्या दिवशी मला म्हणाले. "आता गवत हाय. ते बी जनावराच्या तोंडाला लागू द्यायचं न्हाई. पर बैलाला जोडं मिळालं, म्हंजी नोकरी चांगली म्हणायची."

साहेबांनी ती जमीन दुर्बिणीच्या यंत्राने पातळी बघून सपाट केली होती. कुठे कणभर उंचवटा नव्हता. पाणी घातलं की कुठे जावं हे पाण्यालाच कळत नाही, असं बाबा म्हणत.

मी शिकलो. चार वर्षं, रोज पाच ते दिवेलागण. गुडघा वाकवायचा, हात पेंडुलमसारखा सोडायचा, आणि गोळा जिथे न्यायचा आहे तिथे न बघता, जिथून तो वळणार आहे तिथे बघायचं. घरी मी हे बायकोला समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, वाकडं जायला एवढा सराव लागतो?" लागतो, म्हणालो. पण आयुष्यात नीट येणारी माझी ती एकच गोष्ट होती. बाकी सगळं बऱ्यापैकी येत होतं, म्हणजे येत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी साहेबांनी मला कलकत्त्याला निवडीच्या सामन्यांसाठी पाठवलं. तिथे एक निवृत्त न्यायाधीश होते, चहाच्या मळ्यांवरचे दोघेतिघे होते, आणि पांढरे कपडे सगळ्यांचे माझ्यापेक्षा पांढरे होते. एक सामना सोडून मी सगळे जिंकलो. निवड समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही कुठले? मी म्हणालो, स्टोअर्स. त्यांना ते इंग्लंडमधलं गाव वाटलं असावं, कारण ते म्हणाले, हो का, फार सुंदर जागा.

चौथ्या वर्षी पत्र आलं. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला देशाचा चार जणांचा संघ जाणार होता आणि एकेरीत मी खेळणार होतो. त्याच सुमारास साहेब निवृत्त होऊन मायदेशी गेले. जाताना त्यांनी आपले चार गोळे मला दिले. जुन्या, लोखंडासारख्या जड लाकडाचे, त्यांच्या वडिलांच्या वेळचे. ते म्हणाले, स्पर्धा माझ्या घरापासून आगगाडीने एका दिवसाच्या वाटेवर आहे. मी बघायला येईन.

नवे मॅनेजर आपल्याकडचेच, कामाला वाघ. त्यांनी मला बोलावलं.

"तुम्ही जाताय, आनंद आहे," ते म्हणाले. "पण कामगारांच्या सायकली पावसात गंजतात. शेड घालायला एवढी सपाट जागा आपल्याकडे दुसरी नाही."

त्यांनी खिडकीतून मागच्या हिरवळीकडे बघितलं.

"एक सामना जिंकून या. एकच. मग मी वर लिहीन की ही हिरवळ कारखान्याची शान आहे. नाहीतर मला दुसरं कारण सापडत नाही."

मागणी रास्त होती. मी स्वतः सायकलवर येत होतो, माझीही चेन गंजत होती. पण हिरवळ गेली की माझं जे काही होतं ते जाणार, हे मला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं. दुसरी अशी हिरवळ शोधायची तर कलकत्त्याला जावं लागलं असतं. एक सामना. मी तो जिंकू शकत होतो. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही; त्या वेळी माझा हात तसा होता.

आता टर्नर मिस्त्रींबद्दल. ते साताऱ्याकडचे. त्यांच्या लेथवरून, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावरून, उतरलेला नग इन्स्पेक्शनमधून परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. बाकीच्यांचे नापास नग एका टोपलीत पडत आणि त्यांवर खडूने 'खोट' असं लिहिलेलं असे. मिस्त्रींच्या लेथपाशी टोपलीच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन हिरवळीच्या कडेला बसत. मी तेव्हाही थोडा सराव करत असे. माझा गोळा भलतीकडे निघून वळायला लागला की त्यांचा घास हातातच राहायचा.

"भाऊसाहेब, चार वर्षं बघतोय मी," ते एकदा म्हणाले. "तुमचा हात सरळ येतोय. गोळा मधेच दगा देतोय."

"हात स्वच्छ आहे, मिस्त्री. सगळी खोट गोळ्यात आहे."

"मग ती कुणी काढत का नाही, राव?"

"साहेबांना जमलं नाही."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. शब्दावर कोटी करण्याची मला खोड होती. चार वर्षांत मी त्यांना खेळ कधी नीट समजावून सांगितला नाही, कारण कोटीने काम भागत होतं.

निघायला पंधरा दिवस उरले तेव्हा कारखान्याने माझा सत्कार ठरवला. मिस्त्री म्हणाले, गोळे द्या, पॉलिश मारून देतो, देशाच्या कामाला जायचेत. मी माझ्या हातांनी दिले. पुढचे दिवस टोचून घेण्यात, त्या टोचण्याच्या तापात आणि पासपोर्टच्या खेपांत गेले.

सत्कार हिरवळीच्या कडेला मांडव घालून झाला. शाल, नारळ, हार. कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांनी भाषण केलं. त्यांनी खेळ पाहिला नव्हता. 'गोळा' एवढंच ऐकलं होतं. "आपल्या बाहुबलाने हे दूर, दूर फेकतील," असं म्हणताना त्यांचं लक्ष माझ्या दंडांकडे गेलं आणि ते पुढे मनोबलावर आले. मग मिस्त्री मांडवात आले. अंगात धुतलेला सदरा, हातात कापडात गुंडाळलेले चार गोळे. ते आरशासारखे चमकत होते.

"गेज लावून बघितलं," ते माझ्याकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चारही गोळ्यांत एकाच बाजूला फरक. कुणी केलं होतं देव जाणे. दोन रविवार लागले. आता दोन्ही बाजू केसाएवढ्याही कमीजास्त नाहीत. खोट काढली."

मला ते कळायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, दाखवा. मिस्त्रींनी जॅक पलीकडे ठेवला, परत आले, वाकले आणि एक गोळा सोडला. तो रुळावरच्या डब्यासारखा गेला. कुठे झुकला नाही, कुठे वळला नाही. जॅकवर टक्क करून आपटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. चार वर्षांत माझ्या एकाही गोळ्याला एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

बाबा तेवढे कडेला बैलापाशी उभे होते. त्यांनी चार वर्षं रोज ते वळण पाहिलं होतं. टाळ्या थांबल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, गोळ्याचं वळण गेलं वो."

मी मिस्त्रींचे हात हातात घेतले आणि आभार मानले. दुसरं काय करणार होतो? गेलेलं लाकूड परत लावता येत नाही. देशात तसे गोळे कलकत्त्याच्या क्लबांत होते, आणि बोट मुंबईहून तिसऱ्या दिवशी सुटायची होती. शिवाय ते दोन रविवार त्यांचे सुट्टीचे होते. गळ्यात हार तसाच ठेवून मी सायकलवरून घरी आलो. बायकोला सांगितलं. तिने माझ्या गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला. मग म्हणाली, "त्यांना कळू देऊ नका."

बोटीवर मी रोज सकाळी डेकवर जाऊन एक गोळा सोडून बघत असे. समुद्र हलला की बोट कलायची आणि गोळा वळायचा. एवढाच काय तो त्या प्रवासातला दिलासा, आणि तो समुद्राचा होता. बरोबरचे तिघे, म्हणजे न्यायाधीश आणि दोन चहावाले, एकमेकांशी पत्ते खेळत. त्यांच्याकडे स्वतःपुरते गोळे होते आणि मला द्यायचे तर ते खेळणार कशाने? मी मागितलेही नाहीत. तासन्‌तास पाण्याकडे बघत बसायचो. पूर्वी दुःखात पुस्तकं उपयोगी पडत. बोटीवर चार उघडली, आणि चारही पहिल्या पानावर मिटली.

तिथे पोचल्यावर गोळ्यांची तपासणी झाली. एका लांब टेबलावर रेघ आखलेली होती. गोळा घरंगळवायचा, आणि तो निदान त्या रेघेपर्यंत वळला पाहिजे. वळला तर खेळायला परवानगी. माझा पहिला गोळा टेबलाच्या मधोमध चालत गेला आणि पलीकडच्या पेटीत पडला. तपासनीस म्हाताऱ्याने दुसरा घेतला. मग तिसरा. चौथ्याच्या वेळी आजूबाजूचे लोक बघायला थांबले होते. त्याने तो गोळा हातात फिरवला आणि फार आदराने म्हणाला की वस्तू अप्रतिम आहे, पण या खेळाची नाही.

आमच्याकडे खोट निघाली की माल परत येई. तिथे ती सापडेना म्हणून माल परत आला.

मला उसने गोळे मिळाले. मोठे होते, तिकडच्या पंज्यांच्या मापाचे. माझा अंगठा त्यांच्यावर पुरता चढत नव्हता. आणि त्यांचं वळण वेगळं होतं. एखादी भाषा वाचता यावी पण बोलता येऊ नये, तसं. थंडी होती. ब्लेझरवर देशाचं चिन्ह होतं आणि आत बायकोने विणलेला स्वेटर होता, त्यामुळे बटण लागत नव्हतं. पहिला सामना हरलो. दुसरा हरलो. तिसऱ्यात निम्मा वेळ पुढे होतो, आणि मी नको ती चूक केली: कारखान्यामागची हिरवळ आठवली. तोही हरलो. रोज संध्याकाळी खोलीवर येऊन मी मॅनेजरांचं वाक्य म्हणत असे, एकच, एकच. म्हणून म्हणून त्याला काही अर्थ उरला नाही.

शेवटच्या सामन्याला साहेब आले. बाकावर मांडीवर घोंगडी घेऊन बसले होते. चार महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे झालेले दिसले. समोर न्यूझीलंडचा एक बेकरीवाला होता, बोलायला गोड आणि खेळायला निर्दय. त्या दिवशी मात्र माझ्या हाताला उसन्या गोळ्यांचं वळण थोडं थोडं कळायला लागलं होतं. ज्याचा गोळा जॅकच्या सगळ्यांत जवळ त्याला गुण, आणि एकवीस गुण ज्याचे आधी होतील तो जिंकणार. आम्ही वीस-वीस झालो. त्याचा एक गोळा जॅकपासून चार बोटांवर होता. माझा शेवटचा गोळा राहिला होता.

मी वाकलो. जिथून वळायचं ती जागा बघितली. हात सोडला, आणि सोडतानाच कळलं की तो जुन्या गोळ्यांच्या वळणाने सुटला आहे. चार वर्षांची सवय त्या एका क्षणी जागी झाली. गोळा छान निघाला, छान झुकला, आणि जॅकच्या पलीकडे एका वितीवर जाऊन थांबला. बेकरीवाल्याने माझा हात हातात घेतला. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

साहेबांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, माझे गोळे कुठे आहेत? मी पिशवीतून काढून दिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी एक गोळा घेतला, डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. त्यांच्या वडिलांची ती वस्तू. मी चार शिव्या ऐकायच्या तयारीत होतो. ऐकल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"इतकं अचूक काम," साहेब म्हणाले, "मी तिथे होतो तोवर त्या कारखान्यात झालेलं पाहिलं नाही."

मग ते आगगाडी गाठायला उठले. पुन्हा भेट झाली नाही.

परत आलो तो दिवस कामाचा होता. गेटपाशी मिस्त्री भेटले. बातमी आधीच पोचली होती. सरळ बघायचं टाळत होते.

"गोळे कसे गेले?" त्यांनी विचारलं.

"सरळ."

त्यांचा चेहरा सैल झाला. मग पुन्हा आवळला. "मग हरलात कसे, राव?"

"हातच वाकडा निघाला, मिस्त्री."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. खांद्यावर थोपटलं. म्हणाले, "जाऊ द्या. हाताला लेथ नाही."

त्यानंतर काही वर्षांनी ते निवृत्त होऊन गावाकडे गेले. त्यांना मी खरं काही सांगितलं नाही. माझ्या हातून झालेली तेवढी एक गोष्ट मला नीट जमली असं वाटतं, आणि तिचा फारसा आनंद होत नाही.

मॅनेजरांनी दोन दिवस वाट पाहिली. मला बोलावलं नाही, हे त्यांचं सौजन्य. तिसऱ्या दिवशी हिरवळीवर फक्की पडली आणि खांबांसाठी खड्डे घ्यायला सुरुवात झाली. मी स्टोअर्समधून सिमेंटच्या गोण्या दिल्या, माझ्याच सहीने. बाबा बैलाचे जोडे काढत होते. काढले, झाडले, आणि कुठे ठेवायचे ते न कळून हातातच धरून उभे राहिले. मी त्यांच्याकडे गेलो नाही. पाच वाजले की पाय मागच्या बाजूला वळत, ते पुढे वर्षभर वळत राहिले.  बायको कधी कधी तांदूळ निवडताना वर बघायची आणि पुन्हा खाली बघायची. मी पुन्हा कधी गोळा हातात घेतला नाही. घेऊन करणार काय होतो? देशाच्या वतीने खेळलेला माणूस म्हणून पिंपरीपासून निगडीपर्यंत मला अजूनही सभांना बोलावतात आणि गोळाफेकीबद्दल दोन शब्द सांगायला लावतात. मी सांगतो.

शेड वेळेत पुरी झाली. बाबांना तिथेच राखणदाराचं काम मिळालं. आसपासच्या सगळ्या कारखान्यांत तेवढी सपाट जमीन दुसरी नसल्यामुळे तिथे लावलेली सायकल कधी पडली नाही.